फुलपाखरूं कीं पतंग ?

आमच्या शाळेच्या प्रदर्शनांत यंदा निसर्गाभ्यासाच्या टेबलावर एक कांचेची पेटी ठेविली होती. मुलांनीं सुटीच्या दिवसांत जमविलेलीं मृत पाखरें तींत टांचण्यांनीं लावलेलीं होतीं आणि प्रत्येकाखालीं सुवाच्य अक्षरांत एक चिठ्ठी होती. पेटीच्या डाव्या बाजूस 'फुलपाखरें' व उजव्या बाजूस 'पतंग' ही मांडणी आम्हीच करून दिली होती. नियम सोपा होता : जें दिवसां उडतें व दिसण्यांत सुंदर, तें डावीकडे ; जें रात्रीं दिव्यावर सांपडलें व रंगानें मळकट, तें उजवीकडे.

प्रदर्शन पाहण्यास आलेल्या पालकांपैकीं एक शेतकरी गृहस्थ त्या पेटीपाशीं बराच वेळ उभे राहिले. मग डाव्या बाजूच्या एका लहानशा पाखराकडे त्यांनीं बोट दाखविलें. पाखरूं खरोखर देखणें होतें. पांढुरके पंख आणि त्यांवर तांबड्या व काळ्या ठिपक्यांच्या ओळी. कुंकवाचे व काजळाचे ठिपके कोणी काडीनें दिले असावेत, असें वाटावें. "गुरुजी, हे तर तागावरचं पाखरू हाय," ते म्हणाले. "ह्याची केसाळ अळी शेंगातलं बी खाती. आन् रात्री दिव्यावरबी येतंय की हे. ह्याला फुलपाखरू कसं म्हनावं ?" आम्हीं भिंग आणून पाहिलें. पाखराच्या मिशा दोऱ्यासारख्या सरळ होत्या ; त्यांच्या टोंकांशीं गांठ नव्हती. गृहस्थांचें म्हणणें बरोबर होतें. ती चिठ्ठी तपासून आम्हीं तीवर सही केली होती, तेव्हां दोष मुलांचा नव्हे, आमचा.

चूक ध्यानांत आल्यावर चिठ्ठी बदलणें सोपें होतें. परंतु त्या गृहस्थांनीं जातां जातां दुसरा एक प्रश्न विचारला, त्याचें उत्तर देण्यास मात्र आम्हांस हा लेख लिहावा लागत आहे. ते म्हणाले, "ह्यातलं मारायचं कोनतं, आन् सोडायचं कोनतं ?"

प्रथम साम्य पाहूं, कारण तें भेदापेक्षां फार मोठें आहे. फुलपाखराचा पंख चिमटींत धरला कीं बोटांस रंगीत पूड लागते, हा अनुभव बहुतेक मुलांस आहे. दिव्यावरचा पतंग हातांत घेतला तरी तशीच पूड लागते. ही धूळ नव्हे. भिंगाखालीं पाहिल्यास घरावरील कौलांप्रमाणें एकावर एक बसविलेले चपटे खवले दिसतात. पंखाचा रंग आणि त्यावरील नक्षी हीं या खवल्यांचींच ; ते झडून गेले म्हणजे माशीच्या पंखासारखा पारदर्शक पडदा तेवढा उरतो. म्हणूनच ग्रीक भाषेंतील 'खवला' आणि 'पंख' या दोन शब्दांवरून या सर्व गणास 'लेपिडॉप्टेरा' हें नांव मिळालें आहे. मराठींत आपण त्यास खवलेपंखी म्हणूं. जगांत या गणाच्या दीड लाखाहून अधिक जातींचीं वर्णनें झालीं आहेत. त्यांत फुलपाखरांच्या जाती अवघ्या अठरा-एकोणीस हजार. बाकी सारे पतंग. फुलपाखरें सर्वांच्या तोंडीं, आणि त्यांच्या कितीतरी पटीनें अधिक असलेल्या पतंगांस मराठींत धड निरनिराळीं नांवें देखील नाहींत. दिवसां जागणाऱ्या माणसानें नांवें ठेविलीं, म्हणून असें झालें असावें.

तोंडाची घडणही दोघांची एकच. घड्याळाच्या कमानीप्रमाणें गुंडाळून ठेवलेली एक लांब पोकळ सोंड असते. फूल सांपडलें कीं ती उलगडून आंतला मध ओढावयाचा. आणि जन्माची कथाही एकच आहे : अंडें, अळी, कोष आणि शेवटीं पंखांचें पाखरूं. ही कथा पाहण्यास दूर जावयास नको. परसांतील कढीलिंबाचें किंवा लिंबाचें झाड पुरे. पावसाळ्यांत काळ्या-पिवळसर रंगाचें एक मोठें फुलपाखरूं त्या झाडाभोंवतीं घिरट्या घालतांना दिसेल. तें फुलांसाठीं आलेलें नसतें. कोंवळ्या पानावर क्षणभर टेकून तें मोहरीएवढें एक पिवळसर अंडें ठेवतें आणि दुसऱ्या पानाकडे जातें. तीन-चार दिवसांनीं निघालेली अळी पांढऱ्या डागाची, तपकिरी रंगाची असते. पानावर चिमणीची विष्ठा पडली आहे असेंच कोणासही वाटेल, आणि चिमणीसही तसेंच वाटावें हाच तिचा हेतु. पुढें कात टाकीत टाकीत मोठी झाल्यावर तीच अळी पानासारखी हिरवीगार होते. तिला काडीनें हळूच डिवचा. डोक्यामागून नारिंगी रंगाचें दुभागलेलें शिंग बाहेर येईल व उग्र वास सुटेल. आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें हा प्रयोग डब्याशेजारीं केला आणि त्या दिवशीं कोणासही जेवण गोड लागलें नाहीं.

पोट भरलें कीं ही अळी एका काडीवर रेशमाची लहानशी गादी विणते, तींत शेपूट अडकविते आणि कमरेभोंवतीं रेशमाचा एक धागा घेते. आपल्याकडे देगलूर-बिलोलीच्या बाजूस शिंदीच्या झाडावर चढणारा माणूस कमरेभोंवतीं दोर घेऊन मागें रेलतो, अगदीं तशी ती रेलून राहते. मग कात सुटते आणि आंतून उघडा, टोंकदार कोष दिसूं लागतो. या कोषांत अळीच्या शरीराचा बराचसा भाग विरघळून जातो, आणि अळीच्या अंगांत प्रथमपासून सुप्त असलेल्या पेशींच्या लहान लहान पुंजक्यांपासून पंख, पाय, डोळे व सोंड हीं नव्यानें घडतात. आठ-दहा दिवसांनीं सकाळच्या वेळीं कोष फुटतो. बाहेर आलेल्या पाखराचे पंख ओल्या कापडासारखे चुरगळलेले असतात. तीं वाळेपर्यंत त्यास हात लावूं नये, नाहींतर तें जन्मभर पांगळें राहतें.

आतां भेद. मिशांचा भेद सर्वांत खात्रीचा. फुलपाखराच्या मिशीच्या टोंकाशीं आगपेटीच्या काडीप्रमाणें एक गांठ असते. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी निमुळती, नाहींतर फणीसारखी किंवा पिसासारखी असते. पिसासारखी मिशी बहुधा नराची. ती कां, तें पुढें येईल. दुसरा भेद पंख मिटण्याचा. विसावलेलें फुलपाखरूं दोन्ही पंख पाठीवर उभे जोडतें, नमस्कारास जोडलेल्या हातांसारखे. पतंग ते छपरासारखे उतरते किंवा सपाट पसरून ठेवतो. तिसरा भेद डोळ्यांस सहज न दिसणारा आहे. पतंगाच्या मागच्या पंखाच्या मुळाशीं एक राठ केस असतो व तो पुढच्या पंखाच्या आंकड्यांत अडकलेला असतो. त्यामुळें उडतांना दोन्ही पंख एकत्र हालतात. फुलपाखरांस हा केस नाहीं. त्यांचे पंख एकमेकांवर बरेच चढलेले असल्यानें काम भागतें. पुष्कळ पतंगांच्या अळ्या कोषाभोंवतीं रेशमाचें घर विणतात किंवा जमिनींत शिरून मातीची खोली करतात. फुलपाखराचा कोष बहुधा उघडाच टांगलेला असतो.

परंतु विद्यार्थ्यांनीं हे नियम पाठ करून थांबूं नये. ऊन खात बसलेलें फुलपाखरूं पंख सताड उघडे ठेवतें, आणि कांहीं पतंग पंख उभे जोडून बसतात. वेळेचा नियम तर त्याहूनही कच्चा. दिवेलागणीस घरांत शिरून भिंतीवर आपटणारें एक तपकिरी पाखरूं तुम्हीं पाहिलें असेल. उन्हाळ्यांत तें वाळलेल्या पानासारखें दिसतें, आणि घरची मंडळी त्यास पतंग समजून झाडूनें बाहेर घालवितात. तें खरें फुलपाखरूं आहे. त्याच्या अळ्या गवतावर व भातावर वाढतात, दिवसां तें झाडोऱ्यांत दडून बसतें आणि संधिप्रकाशांत बाहेर पडतें. उलट ज्या पाखरानें आमची फजिती केली, तो तागावरचा पतंग भर उन्हांत रानांतून फिरतो. त्याची मजा अशी कीं ताग आणि त्याच्याच जातीचीं खुळखुळ्याचीं झुडपें यांत एक विष असतें. तें या पतंगाची अळी खाऊन अंगांत सांठविते, त्यामुळें पक्षी व कोळी त्यास टाळतात. अंगावरचा भडक रंग ही त्या विषाची जाहिरात आहे. ज्यास लपावयाचें नाहीं, त्यास रात्रीची गरज काय ? आणि त्याच खुळखुळ्याच्या सुकत चाललेल्या झुडपावर रुईच्या पानांवर वाढणाऱ्या नारिंगी फुलपाखरांचे नर जमलेले दिसतात. मादीस आकर्षून घेणारा वास तयार करण्यास त्यांस तेंच द्रव्य लागतें. एकाच झुडपावर पतंग आणि फुलपाखरूं एकाच औषधासाठीं येतात. तेथें त्यांच्यातील भेद किती उरला, हें वाचकांनींच ठरवावें.

शास्त्रज्ञांसही या सीमेनें त्रास दिला आहे. स्वीडनचा प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यानें १७५८ सालीं या गणाचे तीन भाग पाडले होते. त्यांत फुलपाखरांचा एक आणि उरलेले दोन पतंगांचे. आज फुलपाखरें हा पतंगांच्या मोठ्या वृक्षाचीच एक फांदी मानतात. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दोन हजारांहून अधिक जातींच्या फुलपाखरांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून असें दाखविलें गेलें, कीं सुमारें दहा कोटि वर्षांपूर्वीं अमेरिका खंडांत रात्रीं उडणाऱ्या पतंगांचा एक वंश दिवसां उडूं लागला, आणि त्यापासून आजचीं सर्व फुलपाखरें झालीं. म्हणजे फुलपाखरूं हा दिवसपाळीस लागलेला पतंगच होय.

जे रात्रींच राहिले, त्यांच्यावर रात्रीचे संस्कार झाले. गढ्यांतून व जुन्या देवळांतून संध्याकाळीं बाहेर पडणारीं वटवाघळें माणसास ऐकूं न येणारा अतिशय उंच आवाज काढीत शिकार करतात. पुष्कळ पतंगांस तो आवाज ऐकण्यासाठीं कान आहेत. कोणाचे छातीवर, कोणाचे पोटावर. आवाज कानीं पडतांच पतंग गिरकी घेऊन खालीं कोसळतो व वांचतो. आणि दिव्यावर झेप घेणारा पतंग ? त्यास आमच्या कवींनीं प्रेमवेडा ठरविलें, संतांनीं विषयांत बुडणाऱ्या जीवाची उपमा दिली. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें मात्र वेगळेंच सांगितलें आहे. रात्रीं उडणाऱ्या कीटकास वर कोणतें व खालीं कोणतें हें आकाशाच्या मंद उजेडावरून कळतें. म्हणून तो नेहमीं पाठ उजेडाकडे ठेवून उडतो. जवळ दिवा असला कीं तो पाठ दिव्याकडे वळवितो, आणि वळतां वळतां दिव्याभोंवतीं अडकून पडतो. बिचारा प्रेमांत नसून घोटाळ्यांत सांपडलेला असतो. उपमा जुनी व गोड आहे, ती सोडून देण्याचें कारण नाहीं. पण निसर्गाच्या तासास तिचा पुरावा चालणार नाहीं.

आतां त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळूं, आणि त्यासाठीं लातूरकडील एखाद्या तुरीच्या शेतांत जाऊं. लातूरची तुरीची बाजारपेठ व तेथील डाळ सर्वत्र प्रसिद्ध आहे. पण ती डाळ होण्यापूर्वीं शेंगेवर किती जणांचा डोळा असतो, हें शेताबाहेर फारसें कोणास ठाऊक नसतें. दिवाळीनंतर तूर पिवळ्या फुलांनीं भरून जाते. सकाळीं आठ-नऊ वाजतां शेताच्या कडेस उभे राहिल्यास निळसर-जांभळ्या झांकेचीं चिमुकलीं फुलपाखरें फुलांभोंवतीं उडतांना दिसतात. मागच्या पंखास केसासारखी बारीक शेपटी आणि तिच्यापाशीं दोन काळे ठिपके असतात. बसल्यावर तें पाखरूं मागचे पंख हळूहळू घांसतें, तेव्हां शेपट्या मिशांसारख्या हालतात आणि शत्रूस डोकें मागल्या बाजूस आहे असें वाटतें. पाहून मन प्रसन्न होतें. परंतु हेंच फुलपाखरूं कळ्यांवर अंडीं घालतें, आणि त्याची चपटी, गोगलगायीसारखी अळी फुलांत व शेंगांत शिरून कोंवळे दाणे खाते. तिच्या अंगांतून गोड रस पाझरतो, त्या लोभानें मुंग्या तिच्याभोंवतीं पहारा करतात.

त्याच झाडावर वाळक्या काडीसारखें कांहींतरी आडवें बसलेलें दिसतें. तो पिसारी पतंग होय. त्याचा पुढचा पंख दोन भागांत व मागचा तीन भागांत चिरलेला असून प्रत्येक भाग पिसासारखा झालरीचा असतो. बसतांना तो पंख बाजूंस ताठ पसरतो आणि इंग्रजी 'टी' अक्षरासारखा दिसतो. त्याची अळी शेंगेस भोंक पाडून दाणे खाते. आणि तिसरी, सर्वांत दांडगी, ती घाटेअळी. हिचा पतंग मध्यम आकाराचा, मातकट पिवळा. दिवसां तो कोठें असतो तें कळत नाहीं. रात्रीं मादी एकेक करून शेंकडों अंडीं घालते. अळी अर्धें अंग शेंगेच्या आंत व अर्धें बाहेर ठेवून दाणा पोखरते, एक शेंग संपली कीं दुसरीकडे जाते, आणि शेवटीं जमिनींत शिरून कोषांत जाते. तूर संपली तर हरभरा आहे, हरभऱ्याचे घाटे हेंच तर तिचें नांव. कापूस, टोमॅटो, ज्वारीचीं कणसें, तिला कांहींही वर्ज्य नाहीं.

एका झाडावर तिघे. त्यांत एक फुलपाखरूं व दोन पतंग, आणि तिघांचीं मुलें शेंगेचाच घांस घेतात. म्हणजे फुलपाखरूं तें मित्र व पतंग तो शत्रु, हा आमच्या पेटीचा न बोललेला नियम तुरीच्या शेतांत टिकत नाहीं. सुंदर पंख असलेला प्राणी निरुपद्रवी असतो, ही समजूत शहरी आहे असें आम्हांस वाटतें. शेतकऱ्यास ती परवडत नाहीं.

नांदेड जिल्ह्यांतील कापसाकडे पाहिलें म्हणजे हा विषय गंमतीचा राहत नाहीं. गुलाबी बोंडअळीचा पतंग इतका लहान व करड्या रंगाचा असतो कीं दिव्याखालीं पडला तरी कोणाचें लक्ष जाणार नाहीं. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ सॉन्डर्स यानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या किडीचें प्रथम वर्णन केलें, तें भडोचकडील कापसावरून. अळी कळींत शिरली तर फूल नीट उमलत नाहीं, पाकळ्या एकमेकींस चिकटून राहतात ; शेतकरी त्यास डोमकळी म्हणतात. बोंडांत शिरली तर भोंक बुजून जातें आणि बाहेरून बोंड निरोगी दिसतें. वेंचणीच्या वेळीं फोडलें तेव्हां आंत सरकी पोखरलेली व रुई डागाळलेली. भारतांत २००२ सालीं बीटी कापूस आला आणि २००६ सालीं त्याची दुसरी सुधारलेली आवृत्ति आली, तेव्हां बोंडअळीचें नांव संपलें असें पुष्कळांस वाटलें होतें. परंतु या पतंगाच्या पिढ्या लवकर लवकर होतात. त्या विषास न जुमानणाऱ्या अळ्या वांचत गेल्या, आणि २०१७ सालीं महाराष्ट्रांत या अळीनें कापसाची मोठी नासाडी केली. आमच्या वर्गांत असे विद्यार्थी आहेत कीं ज्यांच्या घरीं तें साल नांवानें आठवलें जातें.

येथें पतंगाच्या पिसासारख्या मिशीची कथा सांगितली पाहिजे. रेशमाचा किडा हाही पतंगच. त्याच्या मादीच्या अंगांतून अत्यंत सूक्ष्म प्रमाणांत एक वास सुटतो, आणि नर तो आपल्या पिसारेदार मिशांनीं ओळखतो. जर्मनींत बुटेनान्ट या रसायनशास्त्रज्ञानें सुमारें पांच लाख माद्यांपासून तें द्रव्य वेगळें काढून १९५९ सालीं त्याची घडण जाहीर केली. पांच लाख माद्या, आणि हातीं आलें तें चिमटीच्याही खालीं ! पुढें १९७३ सालीं गुलाबी बोंडअळीच्या मादीचा वास कशाचा बनलेला आहे हें कळलें. आज कापसाच्या शेतांत काठीवर टांगलेली प्लॅस्टिकची पिशवी असलेले जे कामगंध सापळे दिसतात, त्यांतील रबरी गोळींत हाच कृत्रिम वास भरलेला असतो. नर मादी समजून येतो आणि पिशवींत पडतो. एका सापळ्यांत सलग तीन रात्रीं आठ-आठ पतंग आले तर उपाय करण्याची वेळ झाली, असें कृषिखातें सांगतें. आठ मोजण्यास पदवी लागत नाहीं. वडील सकाळीं पाणी देण्यास जातात तेव्हां पांचवीच्या मुलानें पिशवी सोडून पतंग मोजावे व वहींत मांडावे. फवारणी केव्हां करावी हें त्या वहीवरून ठरतें, आणि न लागणारी फवारणी वांचली तर तिच्याबरोबर मधमाश्या वांचतात, आणि पैसेही. डिसेंबरनंतर शेतांत कापसाची फरदड ठेवूं नये, असें सांगतात तेंही यासाठींच : अन्न मिळत राहिलें कीं अळीच्या पिढ्या खंडित होत नाहींत.

रेशमाच्या पतंगाविषयीं आणखी दोन शब्द. मनुष्यानें त्यास हजारों वर्षें इतकें सांभाळलें कीं तो आतां उडूं शकत नाहीं. पंख आहेत, पण निरुपयोगी. पतंग झाल्यावर तो कांहीं खातही नाहीं. आपल्या मराठवाड्यांत अलीकडे तुतीची लागवड वाढली आहे, आणि कित्येक घरांत या पतंगाच्या अळ्यांस माणसाच्या मुलांच्या आधीं वेळेवर पाला मिळतो. तेव्हां सर्व पतंग मारावे असें ठरविलें, तर पैठणीचा पदर कोठून येणार ?

मोसंबीच्या बागेंत तर सारा हिशेब उलटा होतो. त्याच कढीलिंबावरच्या फुलपाखराची अळी मोसंबीचीं कोंवळीं पानें खाते. पंख फुटल्यावर मात्र तें फुलांतील मधावर राहतें व बागेस त्रास देत नाहीं. आणि फळांतील रस शोषणारा पतंग ? त्याची अळी बागेबाहेर, बांधावरच्या गुळवेलीवर किंवा वासनवेलीवर निमूटपणें वाढते, मोसंबीच्या पानास तोंडही लावीत नाहीं. पण पंख आल्यावर तोच पतंग अंधार पडतांच बागेंत येतो. त्याच्या सोंडेचें टोंक कठीण व दांतेरी असतें. तें तो पिकत आलेल्या फळांत खुपसतो, आणि त्या छिद्रांतून सड शिरून फळ गळतें. एकाचें बालपण नडतें, दुसऱ्याचें तारुण्य. सकाळीं गळालेलीं फळें पाहून दिवसां बागेंत उडणाऱ्या फुलपाखरांवर औषध फवारणाऱ्या माणसाचा संताप आम्हांस कळतो, परंतु त्याचा नेम चुकलेला असतो. गुन्हेगार रात्रींच निघून गेलेला असतो. संध्याकाळीं बागेंत धूर करणें आणि बांधावरच्या त्या वेली काढणें, हा उपाय पतंगाची जन्मकथा ठाऊक असल्यानेंच सुचला आहे. गुळवेल औषधी आहे हें आम्ही जाणतों. ती घराशेजारीं लावावी, बागेच्या बांधावर नको.

तेव्हां त्या गृहस्थांस आमचें उत्तर असें : मिशी पाहून नांव ठरवावें, पंख पाहून आनंद घ्यावा, परंतु वैर किंवा मैत्री ठरविण्यापूर्वीं तें पाखरूं लहानपणीं कोणतें पान खातें व मोठेपणीं काय पितें, हें पहावें. रुईवर वाढणारें नारिंगी फुलपाखरूं कोणाचेंही कांहीं घेत नाहीं. रात्रीं उमलणाऱ्या पांढऱ्या, सुवासिक फुलांवर मोठे पतंग हवेंत तरंगत राहून मध पितात व परागांची नेआण करतात. तिळाच्या शेतांत बोटाएवढी जाड, हिरवी, शेपटीस आंकडा असलेली अळी सांपडते, तिचा पतंग पाठीवर मनुष्याच्या कवटीसारखी खूण घेऊन फिरतो, रात्रीं मधमाश्यांच्या पोळ्यांत शिरून मध चोरतो आणि पकडल्यास चक्क उंदरासारखा चीं-चीं आवाज करतो. त्यास पाहून घरांत कोणी मरणार असें समजणारे लोक आहेत. मरतें तें तिळाचें पान.

महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं एका फुलपाखरास राज्याचें फुलपाखरूं म्हणून मान दिला. देशांत असें करणारें हें पहिलें राज्य. काळ्या मखमलीवर निळाईचे पट्टे असलेलें तें मोठें फुलपाखरूं राणी पाकोळी या नांवानें ओळखलें जातें. त्याचें खरें माहेर सह्याद्रीचीं दाट रानें. आमच्या कोरड्या माळावर तें अपेक्षूं नये. पण त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळांतील झाडांवर वाढतात, म्हणजे आमच्या परसांतील काळ्या-पिवळ्या फुलपाखराची ती श्रीमंत आतेबहीणच. पतंगास असा मान अद्याप आमच्या राज्यानें दिलेला नाहीं.

प्रदर्शनांतील पेटी आतां शास्त्राच्या खोलींत ठेविली आहे. 'फुलपाखरें' आणि 'पतंग' या दोन मोठ्या चिठ्ठ्या आम्हीं काढून टाकल्या असून प्रत्येक पाखराखालीं त्याची अळी ज्या झाडावर वाढते त्या झाडाचें नांव लिहिलें आहे : रुई, ताग, लिंब, तीळ, कापूस, एरंड. संध्याकाळीं घरांत शिरणारें तें तपकिरी फुलपाखरूं सातवीच्या एका मुलीनें आणून दिलें. तिच्या आजीनें तें झाडूनें मारतां मारतां सोडलें होतें, व दुसऱ्या दिवशीं खिडकींत मरून पडलेलें सांपडलें. तागावरचा पतंग जागा बदलून उजवीकडे गेला आहे. त्याच्या शेजारीं तुरीच्या नांवाची एक चिठ्ठी लावून जागा मोकळी ठेविली आहे. पिसारी पतंग अद्याप आम्हांस मिळालेला नाहीं. लातूर, औसा, निलंगा, अहमदपूर या बाजूंचे जे विद्यार्थी सुटींत घरीं जातील, त्यांनीं तुरीच्या शेंगांवर आडवी बसलेली काडी दिसली तर जवळ जाऊन पहावें. काडी उडाली, तर ती आम्हांस हवी आहे.